बावन्न पिकांचं गाव

गेल्या श्रावणात आमच्या घरामागच्या शेडमधले चार माग भंगारात गेले. माग उचलून नेत नाहीत, फोडून नेतात, हे मला तेव्हा कळलं. सांगाडा बिडाचा असतो. बीड वाकत नाही, घण बसला की तडकतं. दोन पोरं आली, बनियनवर. त्यांनी आधी मोटारी सोडवल्या, कारण तांब्याला भाव चांगला. मग घण घातला. ज्या खोलीत पंचेचाळीस वर्षं कानठळ्या बसत होत्या, तिथं त्या दिवशी ठणाणा वेगळाच होता. आप्पा, माझे वडील, पुढच्या ओट्यावर पेपर उघडून बसले होते. पान काही उलटत नव्हतं.

भंगारवाला हिशोब सांगायला आला. "आन्ना, निम्मं बीडच हाय. बिडाला भाव कमी."

आप्पा म्हणाले, "बीड हाय म्हणूनच एवढी वर्सं टिकलं."

इचलकरंजीत ही गोष्ट नवी नाही. गेली काही वर्षं कुठल्याही गल्लीत जा, एखाद्या शेडचं दार उघडं दिसतं आणि आत जमिनीवर तेलाचे काळे चौकोन तेवढे उरलेले असतात. माग होता ती जागा. कुणी तिथं गोडाऊन केलंय, कुणी भाड्यानं दिलंय, कुणी मोटरसायकली लावतो.

हा लेख त्या मागासाठी आहे. त्याला आता सगळे 'साधा माग' म्हणतात. आमच्या लहानपणी तो साधा नव्हता, नुसता माग होता. रॅपिअर माग आले, एअरजेट माग आले, त्यानंतर आमचा साधा झाला. कौतुकाचं विशेषण नव्या यंत्राला लागायचं सोडून जुन्यालाच उणं होऊन लागलं.

पहिला यंत्रमाग इथं १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी लावला असं सांगतात. त्यांच्या कारखान्याचं नाव व्यंकटेश रंगतंतू मिल. तेव्हा इचलकरंजी हे कोल्हापूर राज्यातल्या एका जहागिरीचं छोटं गाव. पंचगंगेच्या काठी, रेल्वेपासून लांब. आजही गाडी धरायची तर हातकणंगल्याला नाहीतर मिरजेला जावं लागतं. जहागीरदार घोरपडे. ते मूळचे जोशी, पण संताजी घोरपड्यांच्या घराण्याशी असलेल्या ऋणानुबंधातून त्यांनी ते नाव लावलं. पेशवा बाळाजी विश्वनाथांची मुलगी, म्हणजे थोरल्या बाजीरावांची बहीण अनुबाई, याच घरात दिलेली. विसाव्या शतकात गादीवर नारायणराव बाबासाहेब होते. उद्योग आला पाहिजे, शिक्षण आलं पाहिजे, हे त्यांच्या मनानं घेतलं. गाणंही. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर याच दरबारचे. विष्णु दिगंबर पलुसकरांचे गुरू. त्यांच्या नावाला गावाचं नाव चिकटलं, आणि १९२६ मध्ये बुवा गेल्यानंतरही ज्यांनी हे गाव कधी पाहिलं नाही अशा लोकांच्या तोंडात ते राहिलं.

'महाराष्ट्राचं मँचेस्टर' ही उपाधी आमच्याकडे भाषणाच्या पहिल्या वाक्यात यायची. मला ती कधी पटली नाही. मँचेस्टर म्हटलं की डोळ्यापुढं येतो मोठा कारखाना, उंच धुराडं, एक मालक आणि हजार कामगार. तसलं मुंबईत होतं, सोलापुरात होतं. इचलकरंजीत माग घरात होता. चूल पुढच्या खोलीत, माग मागच्या खोलीत, मध्ये न्हाणीघर. कुणाचे दोन, कुणाचे चार, बरं चाललं असलं तर आठ. कधीकाळी एकंदर लाखाच्या वर माग या गावात आणि आजूबाजूच्या कबनूर, चंदूर, तारदाळ, खोतवाडी, यड्राव अशा गावांत धडधडत होते, पण त्यांचा मालक एक नव्हता. हजारो होते. त्यातले निम्मे स्वतःच माग चालवायचे आणि निम्म्यांनी कधीतरी चालवलेला असायचा.

मला वाटतं गावाचा स्वभाव त्यातून आला. ज्याच्याकडे चार माग आहेत तो ना धड मालक ना धड कामगार. त्याला सूत उधार लागतं, उभ्या धाग्यांचा बीम दुसऱ्याकडून भरून आणावा लागतो, कापड तिसऱ्याला विकावं लागतं. एकट्यानं त्याचं काहीच चालत नाही. म्हणून स्वातंत्र्यानंतर या गावानं सूत हवं म्हणून डेक्कन सहकारी सूतगिरणी उभी केली, पैसे हवेत म्हणून सहकारी बँका काढल्या, जागा हवी म्हणून सहकारी औद्योगिक वसाहती वसवल्या. दत्ताजीराव कदमांचं नाव यात पहिलं घ्यायला हवं. पुढं त्यांच्या नावाची संस्था निघाली आणि १९८२ मध्ये घोरपड्यांच्या राजवाड्यातच वस्त्रोद्योगाचं कॉलेज सुरू झालं. ज्या वाड्यात मुजरे झाले तिथं पोरं धाग्याची ताकद मोजू लागली. सगळ्याच सहकाराचं सोनं झालं असं नाही. काही बँका बुडाल्या, ठेवीदार रडले. पण चार मागवाला आमच्याकडे वार्षिक सभेला जायचा, अहवाल हातात धरून उभा राहायचा आणि 'मला खुलासा पाहिजे' म्हणायचा. आप्पा जायचे. इस्त्रीचा शर्ट घालून, पेन लावून. सभेत मिळालेला चिवडा कागदात बांधून आमच्यासाठी आणायचे.

बाहेरचा माणूस आमच्याकडचा पेपर वाचताना एका ठिकाणी हमखास अडखळतो. '५२ पिकास प्रतिमीटर अमुक पैसे मजुरी जाहीर.' त्याला वाटतं शेतीची बातमी. कसलं पीक, ज्वारी की सोयाबीन? हा पिक म्हणजे कापडातला एक आडवा धागा. तो धागा नेणारा धोटा एकदा इकडून तिकडं गेला की एक पिक. इंचात असे ५२ बसले की ते ५२ पिकाचं कापड, आणि मजुरीचं सगळं गणित त्या मापावर बेतलेलं. एका मीटरला धोटा सुमारे दोन हजार वेळा जातो. साधा माग मिनिटाला दीडशे फेऱ्या मारतो असं धरा. म्हणजे मीटरभर कापडाला चौदा मिनिटं. बारा तासांच्या पाळीत कागदावर पन्नास मीटर होतात. पण कागदावर धागा तुटत नाही, धोट्यातली सुताची कांडी संपत नाही, लाइट जात नाही. म्हणून एक माणूस चार, सहा, कधी आठ माग बघायचा, आणि बघायचा म्हणजे पायावर उभं राहून बघायचा. बसायला शेडमध्ये स्टूल नसायचंच. मजुरीतल्या काही पैशांच्या वाढीसाठी इथं लाल बावट्याखाली मोठमोठे संप झाले. २०१५ मध्ये सायझिंग कामगारांचा संप महिन्याहून जास्त चालला आणि बीम नाही म्हणून मागही गप्प झाले. त्या संपात आमच्या आप्पांचे मागही बंद होते आणि समोरच्या सायझिंगवाल्या पोराला रोज दुपारी आमच्याकडून भाकरी जात होती. हे विसंगत आहे असं आमच्या घरात कुणाला वाटलं नाही.

सायझिंग म्हणजे उभ्या धाग्याला खळ. खळीशिवाय सूत घासून घासून तुटतं. खळ लावलेला बीम हातगाडीवरून गल्लीत यायचा तेव्हा खेळणारी पोरं आपोआप बाजूला व्हायची. मग वहिफणीवाले यायचे. दोघं जण समोरासमोर बसून हजारो धागे एकेक करून आधी वहीच्या डोळ्यातून, मग फणीच्या दातातून ओढायचे. एक धागा देणारा, एक घेणारा. त्यांच्या बोलण्यात मात्र कधी धागा तुटायचा नाही. अख्ख्या गावाच्या बातम्या त्यांच्याकडून कळायच्या, कारण ते रोज वेगळ्या घरात बसलेले असायचे. कांड्या भरायचं काम बहुतेक बायकांचं. माझी आई वीस वर्षं कांडी मशीनवर होती. अजून तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर धाग्यानं पडलेली खाच आहे. कणीक मळताना ती दिसते.

आणि धोटा. लाकडाचा, नावेसारखा, दोन्ही टोकांना पोलादी टोपण, पोटात कांडी. लहानपणी आम्ही मोडका धोटा पावसाच्या पाण्यात सोडायचो, बुडायचा. जुने विणकर धोट्याच्या डोळ्यातून धागा तोंडानं ओढून घ्यायचे. एका दमात. दिवसातून शेकडो वेळा. त्या श्वासाबरोबर काय काय आत जातं याची चर्चा त्या काळी नव्हती. शेडमधून बाहेर पडलेल्या माणसाच्या भुवयांवर, मिशीवर, कानाच्या पाळीवरच्या केसांवर कापसाचं तूस बसलेलं असायचं. आप्पा तिशीतच म्हातारे दिसायचे आणि आंघोळ केली की तरुण व्हायचे.

आवाजाबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही, पण त्यावर इतक्यांनी इतकं लिहिलंय की मी एकच सांगतो. आमच्या गल्लीत माणसं एकमेकांशी बोलायची ती लाइट गेल्यावर. एरवी शेडमध्ये ओठ वाचायचे आणि घरात ओरडायचं, एवढंच. भारनियमनाच्या काळात तासन्‌तास लाइट जायची. खाडकन सगळे माग थांबायचे आणि पाचेक मिनिटांत अख्खी गल्ली ओट्यावर. उघडी अंगं, गळ्यात टॉवेल. सुताचे भाव, नगरपालिकेचं राजकारण, कुणाच्या पोरीचं जमलं, पाणी परवा येणार की तेरवा. नगरसेवकाला लोकांना भेटायचं असलं तर त्यानं भारनियमनाचं वेळापत्रक पाहून यावं, असा आमच्याकडे विनोद होता, आणि एक नगरसेवक खरोखर तसाच यायचा. लाइट आली की वाक्य अर्ध्यात टाकून माणसं उठायची. त्या वाक्याचा उरलेला भाग दुसऱ्या दिवशीच्या भारनियमनात.

आम्ही सीमेवरचे. बोरगाव, माणकापूर ही कर्नाटकातली गावं इथून काही मैलांवर. निपाणी, चिक्कोडी, अथणी, तिकडं रबकवी-बनहट्टी, तिथून माणसं आमच्याकडे मागावर यायची. शेडमध्ये "कांडी कोडरी" आणि "कांडी दे की लेका" एकाच दमात ऐकू यायचं. पद्मशाली घरांत तेलुगू, पेढीवर मारवाडी, अलीकडे रातपाळीला भोजपुरी आणि ओडिया. १९५६ मध्ये राज्यांच्या रेघा आखल्या गेल्या तेव्हा भाषेवरून आखल्या म्हणतात. आमच्याकडच्या मागानं ती रेघ कधी मनावर घेतली नाही. मात्र वीजबिलानं घेतली. माणकापुरातला माग आणि आमचा माग, दोघांचं सूत एका बाजारातलं, बीम एकाच सायझिंगचा, कापड एकाच पेढीवर. पण कर्नाटकात यंत्रमागाला वीज स्वस्त. आप्पांचे एक मित्र म्हणायचे, "घर उचलून चार मैल पलीकडं ठेवलं असतं तर मी आज सुखात असतो." ते विनोद करत नव्हते.

बेंदूरही आमच्याकडे कर्नाटकी. बाकीचा महाराष्ट्र आषाढात, नाहीतर श्रावण-भाद्रपदात पोळा करतो तेव्हा आमचे बैल कधीच मिरवून झालेले असतात. ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमाराला गावभागात कर तोडायचा कार्यक्रम होतो. वाटेत आडवी दोरी बांधायची, सजवलेले बैल धावत येऊन ती तोडणार. कन्नडमध्ये या पौर्णिमेला कार हुण्णिमे म्हणतात आणि या प्रकाराला 'करि हरियोदु'. शब्दसुद्धा आम्ही अर्धा अनुवादून घेतलाय. त्या दिवशी मागवाल्यांच्या गर्दीतून बैल जायचे. त्यातल्या कित्येकांच्या आज्यानं बैल विकूनच पहिला माग घेतला होता.

या गावाला सभ्यतेची हौस होती, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण बाहेर आमची ओळख आवाज आणि धूळ एवढीच. १९७४ मध्ये पन्नासावं मराठी साहित्य संमेलन इथं भरलं. अध्यक्ष पु. ल. देशपांडे. आप्पा तेव्हा दुसऱ्याच्या मागावर नोकरीला होते. रातपाळी करून मांडवात जाऊन बसले, आणि तिथं त्यांना झोप लागली. पु. लं.च्या सभेत झोपलेला मी महाराष्ट्रातला एकमेव माणूस असेन, असं ते अजून सांगतात. आपटे वाचन मंदिराचं कार्ड मात्र त्यांनी कधी सोडलं नाही. दिवसपाळी संपली की हातपाय धुऊन तिथं जायचं, दिवाळी अंकांसाठी नंबर लावायचा. वाचनालयाच्या टेबलावर त्यांची एक ठराविक जागा होती. घोरपडे नाट्यगृहात नाटक लागलं की बायकोला घेऊन जायचं आणि पहिल्या अंकात डुलकी काढायची. पण जायचं.

आता दुसरी बाजू. श्रद्धांजलीत मृताचे गुण सांगायचे असतात हे मला माहीत आहे. पण मी काळ्या ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर राहतो. कापडाचा रंग आणि गावाचं सांडपाणी घेऊन तो पंचगंगेला मिळत आला आणि उन्हाळ्यात नदीवर केंदाळाची हिरवी सतरंजी पसरलेली मी दरवर्षी पाहिली. २०१२ च्या उन्हाळ्यात गावात काविळीची साथ आली. माणसं मेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात जागा नव्हती. त्यानंतर कृष्णेचं पाणी, वारणेचं पाणी, दूधगंगेचं पाणी, एकेक योजना निघत गेली. मजरेवाडीहून येणारी कृष्णेची पाइपलाइन फुटत राहिली, वारणेच्या योजनेला दानोळीनं विरोध केला, दूधगंगेवरच्या सुळकूड योजनेला कागलकरांनी. त्या गावांना मी दोष देत नाही. आपली नदी घाण करून दुसऱ्याच्या नदीवर घागर घेऊन गेलं तर दुसरं काय होणार? लाखो मीटर पांढरं कापड विणणाऱ्या गावाला प्यायचं पाणी आठवड्यातून मोजून येतं. आणि आप्पांचा डावा कान पूर्ण गेलाय, उजवा अर्धा. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या छातीचा भाता झाला. मागानं पोट भरलं, हे खरं. वसुलीही त्यानं अंगातूनच केली.

मग तो गेला कशानं? एका घावात नाही. केंद्राची तंत्रज्ञान सुधारणा योजना १९९९ मध्ये आली आणि ज्यांची ऐपत होती त्यांनी बिनधोट्याचे माग आणले. एअरजेटमध्ये धागा हवेच्या फुंकरीनं जातो, मिनिटाला सहाशे-सातशे वेळा. आप्पांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते त्याच्याभोवती दोनदा फिरले आणि विचारलं, "धोटा कुटं हाय?" नाही म्हटल्यावर हसले. कापड सरस निघत होतं, हे त्यांनीच बोटांनी चाचपून मान्य केलं. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटा गेल्या. आमचा सगळा व्यवहार रोखीचा. आठवड्याचा पगार द्यायला नोटा नाहीत म्हणून रातपाळी बंद ठेवली. पुढच्या वर्षी जीएसटी आला. खर्चीवाला, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणारा, तो या कागदांच्या फेऱ्यात अडकून पडला. २०२० च्या उन्हाळ्यात परप्रांतीय पोरं पायी निघाली, त्यातली काही परत आलीच नाहीत.

नवं यंत्र वाईट नाही. त्यावरचा पोरगा तोंडानं धागा ओढणार नाही. पण ते घराच्या मागच्या खोलीत मावत नाही, आणि त्याच्या किमतीत आमची अख्खी गल्ली विकत येईल. मोठी शेड, मोठं कर्ज, थोडे मालक. मँचेस्टर म्हणत होतो ना, ते आता होतंय. २०२२ मध्ये नगरपालिका जाऊन महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेतच शहर २ लाख ८७ हजारांवर होतं, तेव्हा होणारच होती. फटाके वाजले. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या दोन शेड रिकाम्या झाल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. हल्ली लाइटही क्वचित जाते, आणि गेली तरी ओट्यावर कुणी येत नाही. इन्व्हर्टर आहेत.

भंगारवाल्यानं लाकूड घेतलं नाही. "लाकडाचं मला काय करायचंय?" म्हणून धोटे तसेच टाकून गेला. चार मागांचे आठ. आईनं ते गोळा करून न्हाणीघरात नेले आणि आठवडाभर बंबात घातले, रोज एक किंवा दोन. आप्पा काही बोलले नाहीत. पाणी चांगलं तापायचं. ते लाकूड सणसणीत जळतं. शेवटच्या दिवशी आईनं बंबाची राख काढून पत्र्यावर पसरली तेव्हा आप्पा उकिडवे बसले आणि पोलादी टोपणं वेचायला लागले. आठ धोट्यांची सोळा. फुंकर मारून एकेक धोतराच्या सोग्याला पुसत होते.

"पंधराच गावली," ते म्हणाले.

"असंल राखंत," आई म्हणाली. "नाहीतर गेलं असंल कुटंतरी."

त्यांना बहुतेक ऐकू आलं नाही. काडी घेऊन ते पुन्हा राख उकरायला लागले.